ताईकडची किल्ली

४ नोव्हेंबर

आलो एकदाचा! बस लागली, चपलेचा अंगठा तुटला, पण आलो. ताई स्टँडवर उभीच होती. मला बघून आधी हसली, मग रडली, मग चिडली, की एवढा वाळलास कसा. हे तिचं नेहमीचंच. आई गेली तेव्हा मी सहा वर्षांचा आणि ताई अठराची. तेव्हापासून माझी नखं कापण्यापासून माझ्यासाठी मास्तरांशी भांडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. तिचं लग्न राहिलं ते राहिलंच. अजून मला चारचौघांत शेंडेफळ म्हणते. तेवीस वर्षांचं फळ! अगदी लाज आणते.

मागची खोली मला दिलीय. पलंग, कपाट, खिडकीत ऊन. दाराला आतून कडी नाही, नुसतं दारात बसवलेलं, आतून-बाहेरून किल्लीनंच चालणारं कुलूप, आणि त्याची किल्ली एकच, ताईच्या जुडग्यात. उद्यापासून किल्ल्यांच्या दुकानात काम. ताईनंच मिळवून दिलं.

११ नोव्हेंबर

दुकान एवढं लहान की मालक वळले की मी बाहेर. त्यांना सगळे काका म्हणतात, मीही म्हणतो. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या. मशीनच्या एका बाजूला अस्सल किल्ली अडकवायची, दुसऱ्या बाजूला कोरी. अस्सलवरचे दाते जसे, तसे कोरीवर कापले जातात. मग कानस मारायची.

काकांचा नियम एकच. डुप्लिकेटवरून डुप्लिकेट काढायची नाही. दर वेळी केसभर फरक पडतो, आणि शेवटी किल्ली दिसायला हुबेहूब, पण दार काही उघडत नाही. काका म्हणाले, डोळ्यांवर विश्वास ठेवू नकोस, बोट फिरवून बघ.

आज पहिली किल्ली जमली. माझ्याच खोलीची! अस्सल ताईला परत दिली, डुप्लिकेट मी ठेवली. ताईनं ती दहादा कुलपात फिरवून पाहिली आणि शेजारीपाजारी सांगून आली. जसं काही मी विमानच बनवलंय.

९ जानेवारी

झोप नीट लागत नाही. जेवणाला चव नाही. ताई म्हणते, कुणाच्या प्रेमात पडलास की काय. कसलं काय!

मशीनच्या घरघरीत कुणीतरी माझं नाव घेतं. दोनदा काकांना ओ दिली. ते म्हणाले, अरे, मी तोंड उघडलंच नाही. कान वाजत असतील. हसण्यावारी नेलं दोघांनीही.

२ फेब्रुवारी

मशीन बंद असतानाही ऐकू येतं. दोघं आहेत. माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. आता कानस उचलली. आता घाम पुसला. कसा येड्यासारखा बघतोय बघ. मी बघतो तर दुकानात कुणी नाही.

काकांनी आज ताईला बोलावून घेतलं. पोरगा आंघोळ करत नाही, एकटाच पुटपुटतो, गिऱ्हाइकांवर डोळे वटारतो, असं म्हणाले. माझ्यासमोरच. रागावून नाही, हळू आवाजात. ताईचा चेहरा पडला. माझ्या मनात जे येतं ते काकांना आधीच कसं कळतं?

१७ मार्च

फरक सापडला. ताई पाण्याचा पेला उजव्या हातानं द्यायची. आज डाव्या हातानं दिला. हसली तेही केसभर उशिरा. चेहरा तोच, आवाज तोच, हातावरचा भाजल्याचा डागसुद्धा तोच. फार सफाईदार काम. पण मी या धंद्यातला आहे, मला फसवणं सोपं नाही.

मग माझी ताई कुठेय?

मोठ्यानं विचारलं मी. ती बाई ओट्याला धरून खाली बसली. आणि अगदी ताईसारखी रडली.

२३ एप्रिल

आज डोकं जरा निवळलंय, तेवढ्यात लिहून घेतो.

ताई मला डॉक्टरांकडे नेते. बऱ्याच चकरा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. आवाज कानाबाहेरून येतात की डोक्यातून, काय करायला सांगतात का, जीव द्यावासा वाटतो का, नशा करतोस का, सगळं विचारलं. कधीपासून काय बदललं ते ताईकडून, काकांकडून ऐकलं. दुसरं काही दुखणं नाही ना, म्हणून रक्त तपासलं, मेंदूचा फोटो काढला. हा आजार एका तपासणीत दिसत नाही म्हणाल्या. माणसाला आणि त्याच्या गेल्या काही महिन्यांना नीट ऐकावं लागतं.

आज नाव सांगितलं. स्किझोफ्रेनिया. एका माणसात दोन माणसं, असा सिनेमातला प्रकार नव्हे, म्हणाल्या. नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेला कट दिसणं, खाण्यापिण्यावरून, माणसांवरून मन उडणं. आपलं माणूस नकली वाटणं, हेही कधीकधी त्यातच येतं. ताईनं विचारलं, माझ्या हातून वाढवताना काही चुकलं का हो? बाई म्हणाल्या, नाही, कुणाचीच चूक नाही. गोळ्यांनी बरं वाटतं, पण वेळ लागतो. आणि यातलं सगळ्यात अवघड म्हणजे, आजाऱ्याला आपण आजारी आहोत हेच पटत नाही.

मला आज थोडं पटतंय. उद्याचं माहीत नाही. ताई, उद्या मी काही बोललो तर मनावर घेऊ नकोस.

९ मे

गोळी ती ताईसारखी दिसणारी बाईच देते. स्वतःच्या हातानं. का? आज तोंडातून काढून खिडकीबाहेर टाकली. दोघं म्हणाले, शाबास.

२० मे

कुलूप लावून घेतलं. पण अस्सल किल्ली तिच्याकडे आहे. कधीही आत येईल. कपाट दाराला लावलंय —

झोपायचं नाही.

२२ मे

दार वाजलं. काका आले होते. बाहेरूनच म्हणाले, तुझी जागा रिकामी ठेवलीय रे. खरे काका की — बोट फिरवल्याशिवाय कसं सांगणार —

भूक. ताई, कुठेयस गं —

२३ मे

सकाळ. दाराखालून काहीतरी सरकलं. किल्ली.

ती म्हणाली, जुडग्यातून काढलीय, आता या दाराची एकही किल्ली माझ्याकडे नाही. कुणी आत येणार नाही. डॉक्टरीणबाईंशी बोललेय, त्या इकडेच यायला निघाल्यात, पण दार तूच उघडायचं, शेंडेफळा. मी इथेच बसलेय.

बोट फिरवलं. दाते झिजून गुळगुळीत. अस्सल.

डुप्लिकेट ताईनं किल्ली दिली असती का? दोघं म्हणतात, फसवायलाच दिली. आत बस. आत बस.

बाहेर ती बोलतेय. मी सहा वर्षांचा असताना आईची वाट बघत दाराशी झोपायचो. तिथून उचलायला गेलं की लाथा मारायचो. मग तीही दाराशीच झोपायची, ते सांगतेय. हे कुणाला माहीत नाही. हे कुणालाच —

कपाट सरकवलं. दोघं ओरडतायत, नको, नको —

ताई, किल्ली कुलपात घातलीय. तू बोलत राहा गं. तुझं ऐकू आलं की त्यांचं जरा —