कोऱ्या तक्त्यांवरच्या सह्या

१४ मार्च

चि. भावजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमचं पत्र पोचलं. वहिनी वेळेवर जेवता का, असं विचारलंत. जेवते. आधी पाळलेल्या पाली जेवतात, मग मी. तुमच्या दादांनी लावलेली शिस्त आहे, मोडवत नाही. पाचही पाली ठीक आहेत. मागे जिला बघून तुम्ही खुर्चीवर चढला होतात, ती म्हातारी अजून त्या खुर्चीकडे बघत बसते.

लिहायचं कारण वेगळंच. काल पाली पाळायचा परवाना देणाऱ्या कचेरीचं पत्र आलं, यांच्या नावाने. फेब्रुवारीचा तक्ता मिळाला, आता नूतनीकरणासाठी मूळ परवाना घेऊन समक्ष हजर राहावे. समक्ष म्हणजे आता कसं हो? तुमची तीस वर्षं कोर्टात कागद लावण्यात गेली, म्हणून विचारते.

तक्ता मीच पाठवला, एक मार्चची तारीख घालून. शेवटच्या दुखण्यात एका दुपारी त्यांनी वर्षाचे बारा कोरे तक्ते मागून घेतले आणि उशीला टेकून सगळ्यांवर सह्या केल्या. म्हणाले, पाली किती, अंडी किती, हे अकरा वर्षं तूच भरतेस, माझी नुसती सही लागते, तेवढी घेऊन ठेव. त्यांचं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, म्हणून भरण्याचं काम पहिल्यापासून माझ्याकडे. एक तक्ता गेला, अकरा उरलेत.

पेटीत चार अंडी आहेत. ते जाण्याच्या आठवडाभर आधीची. पालीचं अंडं एकदा ठेवलं की फिरवायचं नसतं, आतलं पिल्लू दगावतं. म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका करतात. ते ठिपके यांच्या हातचे आहेत. हात थरथरत होता, त्यामुळे एक ठिपका लांबट झालाय, स्वल्पविरामासारखा. अंडी राहतील ना माझ्याकडे, एवढं कळवा.

प्रकृतीला जपा, आणि खुर्चीवरून उतरला असाल तर लवकर उत्तर धाडा.

तुमची,
वहिनी

---

१८ मार्च

तीर्थरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचता वाचता हातातला चहा गार झाला. वहिनी, दादा नऊ फेब्रुवारीला गेले आणि तक्त्यावर एक मार्चची तारीख घालून त्यांची सही! असा कागद मी कोर्टात पाहिला असता तर माझ्या मनात काय आलं असतं, ते तुम्हाला लिहवत नाही.

मी इथल्या वकिलांना विचारलं, नाव न सांगता. ते म्हणाले, परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की तो संपतो. घरच्यांनी तीस दिवसांत कळवलं तर प्राणी आणि त्याच्या हयातीतली अंडी वारसाकडे राहतात. नाहीतर सगळं बेकायदा. तीस दिवस उलटून गेलेत.

दादा देवमाणूस, पण अक्कल पालींकडे गहाण टाकलेली. आता मी सांगतो ते करा. ते अकरा तक्ते जाळा. अंडी बर्फाच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पिल्लं होणार नाहीत आणि कोणी विचारणार नाही. तक्ता कोणी पाठवला ते ठाऊक नाही म्हणा. शोकात असलेल्या बाईला फार खोदून विचारत नाहीत.

हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते. पण उद्या कोणी तुम्हाला पिंजऱ्यात उभं केलं तर मला ते बघवणार नाही.

लहान तोंडी मोठा घास घेतला, पदरात घ्यावा.

तुमचा,
भावजी

---

२३ मार्च

चि. भावजींस,
अ. उ. आ.

बर्फाचं वाचून दोन दिवस तुमच्यावर धुमसत होते. मग कचेरीचं नियमांचं पुस्तक काढलं. पान एकोणतीसवर नको असलेल्या अंड्यांना तोच उपाय दिलाय, तेव्हा तुमचा काय दोष. पण ही अंडी नको असलेली नाहीत.

आता खरं सांगते. मागच्या पत्रात मी वेड पांघरलं होतं. चौथीत शाळा सुटली तरी यांच्या कपाटातलं एकेक पुस्तक मी अक्षर लावून वाचलंय, हेही वाचलं होतं. तीस दिवस मला ठाऊक होते. अर्ज आणून ठेवला होता. त्यात एक चौकट आहे, परवानाधारकाच्या मृत्यूची तारीख. सगळा अर्ज भरला, ती चौकट भरेना. तक्ता मात्र सरसर भरला. खाली सही होतीच. भरताना वाटलं, ते आतल्या खोलीत आहेत, मीच हाक मारलेली नाही.

कचेरीला फसवावं असं मनात नव्हतं. फसवायचं होतं ते मलाच. पण कागद तर कचेरीत गेला, आणि त्यावर सही त्यांची आहे. त्यांनी जन्मात एक पाल चोरून ठेवली नाही. खोट्या तक्त्यावर त्यांचं नाव राहू देणार नाही.

परवा जाते. अकरा तक्ते आणि अंड्यांची पेटी घेऊन.

माया पातळ होऊ देऊ नका.

वहिनी

---

२६ मार्च

चि. भावजींस,
अ. उ. आ.

जाऊन आले. पेटी मांडीवर धरून बसमध्ये बसले होते. शेजारी बसलेल्या बाईने डबा फार गरम आहे का विचारलं. म्हटलं, नाही, नाजूक आहे.

अधिकारीण बाई माझ्या लेकीच्या वयाची. तिने सगळं ऐकून घेतलं. ती चौकट मी तिच्यासमोर भरली. तिने अकरा तक्त्यांवर आडवी रेघ मारून रद्द असं लिहिलं. मला लेखी ताकीद मिळाली. पाचही पाली माझ्या नावावर राहतील, पण वर्षभर पैदास बंद, नर वेगळ्या पेटीत. अंडी द्यावी लागली. कॉलेजातल्या एका मास्तरांकडे तसा परवाना आहे, ती तिकडे जातील. बाई म्हणाली, तीस दिवसांत आला असतात तर अंडी तुमचीच होती.

मोजणी करताना तिथल्या कारकुनाने एक अंडं उचललं आणि उलटं ठेवलं. स्वल्पविरामाचं. मी एवढ्याने ओरडले की रांगेतली माणसं उठून उभी राहिली. त्याने घाबरून सरळ केलं. बिचाऱ्याला काय माहीत.

ओरडले ते बरं झालं. नऊ तारखेपासून घशात अडकलं होतं.

मास्तरांचं कॉलेज तुमच्याच गावात आहे. तुम्हाला जा म्हणत नाही, तिथे खुर्च्या कमी असतील.

आठवण ठेवून असा.

वहिनी

---

१२ एप्रिल

तीर्थरूप वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

मी गेलो होतो. खुर्च्या होत्या, चढलो नाही.

चारांपैकी तीन फुटली. बोटाएवढी पिल्लं, अंगावर काळेपिवळे पट्टे. स्वल्पविरामाचं फुटलं नाही. मास्तर म्हणाले, उलटल्यामुळेच असं सांगता येत नाही, कधी अंड्यात मुळात गर्भच धरलेला नसतो. हे ते मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की काय, कळलं नाही. तुमच्यापासून लपवायचं नाही असं ठरवून लिहितोय. एक पिल्लू त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं. वजनच नव्हतं हो. मी हात हलवला नाही.

मग जुनी खोड म्हणून त्यांची नोंदवही पाहायला मागितली. तिन्ही पिल्लांपुढे एक रकाना आहे, पैदास करणाऱ्याचं नाव. तिथे दादांचं नाव लिहिलंय, पूर्ण. मास्तरांना म्हटलं, हा माणूस तर गेला, चूक होतेय, आधीच एकदा पंचाईत झालीय. ते म्हणाले, चूक नाही, अंडी घातली त्या दिवशी ज्याचा परवाना होता त्याचंच नाव लागतं. नियमच आहे. पिल्लं कुठेही गेली तरी हे नाव त्यांच्याबरोबर जाणार.

मी पान दोनदा तपासलं, वहिनी. त्या नावापुढे सहीचा रकाना नाही. सही लागत नाही.

पुढच्या रविवारी येतो. म्हातारीला सांगून ठेवा.

तुमचा,
भावजी