तात्यांच्या विमानाला रेडिओ

तात्या, तुम्ही घरी केलेल्या लाकडी विमानाचं पोट मी कापलं आहे. इंजिनाच्या जागी मोटर बसली, पण बॅटरीला जागा नव्हती. आठवडाभर नुसत्या पेन्सिलीच्या रेघा मारत आणि खोडत होतो. पुण्याच्या दुकानदाराला एसटीडी बूथवरून इतकं विचारलं की शेवटी तोच चिडला. काय करू, तुम्ही केलेल्यांपैकी हे एकच उरलं आहे. कारखान्याला सुट्टी असली की आपण लासुर्ण्याच्या माळावर जायचो. तुम्ही विमान सोडून द्यायचात, मग ते वारा नेईल तिकडं आणि आपण त्याच्यामागे. उसात शिरलेली बहुतेक सापडलीच नाहीत. मी रडायचो. तुम्ही घाम पुसत म्हणायचात, "गेलं तर गेलं. दुसरं करू की." आता तुमच्यामागे दुसरं कोण करणार? म्हणून जमिनीवरून वळवता येईल असा रेडिओ बसवला.

परवा स्वयंपाकघरात पंख जोडताना उजव्या पंखाला पीळ दिसला. पोटमाळ्यावर पडून वाकला असेल असं वाटून मी तो वाफेवर धरायला निघालो, तर आईनं हात पकडला. "थांब की शाण्या. त्यो वाकलेला न्हाय. त्यांनीच पिळलाय, भाताच्या पातेल्यावर. दुसरं टोक माझ्या हातात व्हतं. भात करपला, म्हणून ध्यानात हाय."

"पण कशाला?"

"सरळ गेलं की उसात जातंय. गोल फिरून माळावरच उतरावं म्हनून."

 म्हणजे तात्या, ते परत यावं असं तुम्हालाही वाटत होतं. मला कधी कळू दिलं नाहीत.

पीळ तसाच ठेवला. आज सकाळी आम्ही माळावर गेलो. रेडिओचा डबा धरायला माझे दोन्ही हात लागतात, म्हणून विमान आईनं फेकलं, पदर खोचून. ते डावीकडं वळत वर चढलं. तुमचा पीळ काय करतो ते बघायला मी अंगठे डब्यावरच्या वळवायच्या काड्यांवरून उचलूनच घेतले. ते आपलं आपण फिरत राहिलं. उतरवताना तेवढं मी सावरलं. चाकाला माती लागली, बाकी काही नाही.

आई हसत पळत आली. "सोड की आनिक एकदा."

मी म्हणालो, बॅटरी उतरली. उतरली नव्हती, तात्या. पण हे गेलं तर दुसरं नाही.