मामाची चरबी काऊन नाही चालत?

आदरणीय जनका अक्का,

जयभीम. तुझा गुडघा आता वाकतो की अजून नाटकं करतो? (फोनवर तू रडतेस आणि मला बोलू देत नाहीस, म्हणून हा कागद. आपल्या गावचा नागसेन उद्या देऊळगाव राजाला परततोय, तो आणून देईल.)

तुझ्या समताला घेऊन औरंगाबादच्या दवाखान्यात आलो आणि चारचौघांत माझा अपमान झाला. स्टोव्हच्या भडक्यानं आखडलेल्या तिच्या गालात पोटातली चरबी भरणार, असं तूच सांगितलं होतंस. आता त्या काडीच्या पोटात चरबी कुठून येणार? मी मामा. तिचं जावळ माझ्या मांडीवर काढलं, कान माझ्या मांडीवर टोचले. मग गालाचा मान दुसऱ्या कोणाचा? तुझ्या भावजयीनं मला महिनाभर तूप-गुळाचे लाडू चारले. पँटचं बटण लागेना, तेव्हा निघालो. डॉक्टरीणबाईंसमोर शर्ट वर करून म्हणालो, "घ्या, पाहिजे तेवढी घ्या."

बाई हसल्या! म्हणे, चरबी ज्याची त्यालाच चालते. पोरीच्याच पोटातून बारीक नळीनं काढणार, त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करून पुन्हा चरबीत मिसळणार आणि गालात टोचणार. कातडी मऊ पडेल अशी आशा, डाग पुरता जाणार नाही. परक्याची चरबी मात्र शरीर ठेवून घेत नाही. परक्याची! सख्ख्या मामाची! मी विचारलं, "बाई, आमच्या कापसाच्या पराटीत कुठल्याशा जंतूचा गुण घातला, तो सरकीले चालते. अन् मी त्या जंतूपेक्षाही परका काऊन?" (त्याच पराटीची बोंडं यंदा अळीनं खाल्ली, हे मी बाईंना सांगितलं नाही.) यावर समता इतकी हसली की गाल ओढला जाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ओढणीनं तोंड झाकून घेतलं. माझा राग मात्र गेलेला नाही.

शेवटी बाईंनी पोरीच्या पोटाला चिमटा घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, एवढी पुरे. माझे लाडू वाया गेले ते गेलेच.

तुझा संतापलेला भाऊ,
जानराव

ता. क. सोमवारी सकाळी तिला आत नेणार आहेत. कापसाची वेचणी राहू दे, तू ये.

दुसरा ता. क. पोरगी म्हणते, "मायले सांगा, मले भेव नाही वाटत." तिला खरंच वाटत नाही. मला वाटतं. त्या बाहेरच्या बाकड्यावर माझ्याच्यानं एकट्यानं बसवणार नाही, अक्का.