मुलगी नाही म्हणते

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय भाई,

सलाम. तू सुखरूप पोचल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. गुडघा कसा आहे? त्या दिवशी हॉलच्या जिन्यावरून तू ज्या वेगानं उतरलास, ते पाहून मला तुझ्या गुडघ्याचीच धास्ती होती. वर पाहुणे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते, पण त्यांचे गुडघे तरुण होते.

इकडे ठीक. खुर्च्यावाला खुर्च्या घेऊन गेला. उरलेलं जेवण मी शेजारीपाजारी वाटलं. सगळ्यांनी पोटभर खाल्लं, पोटभर नावं ठेवली. माझी टिटवी कामावर जायला लागली. तिच्या लॅबमध्ये एकीनं विचारलं म्हणे, "लग्न मोडलं, रडू येत नाही?" तर ही म्हणाली, "दिवसभर कवळ्या बनवते. समोर एवढे दात हसत असताना रडू कशी?" तुझीच भाची.

त्या दिवसाबद्दल तू फोनवर काही बोलला नाहीस. मीही नाही. म्हणून लिहायला बसले.

सकाळीच मुलाकडून निरोप आला होता की लग्नानंतर नोकरीबिकरी बंद. टिटवी आधी माझ्याकडे आली. मी म्हटलं, "आत्ता गप्प बस, पुढचं पुढे पाहू." हो, मीच. दर रविवारी दुकानातली शिवणयंत्रं बाजूला सारून बायकांना अर्थासकट कुराण वाचायला बसवणारी, मुलीची मर्जी नसेल तर निकाह कसला, असं ठणकावून सांगणारी मी. आपल्या दारात पाहुणे बसले की ठणकावणं कुठे जातं कोण जाणे.

मग तू खोलीत आलास, निकाहात तिच्या वतीनं बोलणारा वकील म्हणून, तिची मर्जी विचारायला. दोन्ही साक्षीदार दारातच उभे. लहानपणी एवढी किंचाळायची की तूच तिला टिटवी म्हणायला लागलास, पण त्या वेळी पोरीचा आवाज फुटेना. मान खाली घालून ओढणीतच काहीतरी पुटपुटली. मी तिला खेटून बसले होते, मलाही ऐकू आलं नाही. तू वाकलास, पुन्हा विचारलंस, आणि बाहेर जाऊन काझीसाहेबांना सांगितलंस, "मुलगी नाही म्हणते."

मुलाचा काका उसळला, "पोरी लाजतातच हो! तुम्हाला ऐकू कमी येतं का?"

तू म्हणालास, "कान शाबूत आहेत माझे. ती नाही म्हणाली."

सगळे मला सांगतात, असा मामा मिळायला नशीब लागतं. खरं आहे. तुझे आभार मानायला कितीदा कागद घेतला आणि बाजूला ठेवला.

कारण माझ्या खोलीतही तूच आला होतास, भाई.

मी एकोणीस वर्षांची होते. नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि अब्बांनी लग्न ठरवून टाकलं होतं. तू विचारलंस. मी म्हटलं, "नको ना, भाई." तू क्षणभर थांबलास. मग उठून बाहेर गेलास, आणि बाहेर मुबारकबाद सुरू झाली. आपली खाला आजही सगळ्यांना हसत सांगते, "ही तर लाजून तोंडच उघडेना, भावानंच ओळखलं."

मी तिचं म्हणणं कधी खोडलं नाही. मी स्वतःची समजूत घातली होती की तुला ऐकूच गेलं नाही. बाहेर गलका होता, माझा आवाज बारीक होता, तू घाईत होतास. भिंतीला कान लावून पाणी कुठे गळतंय ते सांगणारा नळदुरुस्तीवाला तू, तरीही मी हेच धरून बसले. त्यावर अख्खा संसार काढला. तो माणूस मारझोड करणारा नव्हता. त्यानं मला कशाबद्दल विचारलंच नाही, कारण एकदा विचारून झालं होतं. प्रत्येक भांडणात त्याचं एकच, "तू हो म्हणालीस म्हणूनच झालं ना लग्न?" आणि मी उठून कामाला लागायचे. खरं सांगितलं असतं तर तू खोटा पडला असतास.

मागे आमच्या वाचनात त्या मुलीची हकिगत आली, जिनं पैगंबरांकडे जाऊन सांगितलं होतं की बापानं मला न विचारता लग्न लावलं, आणि त्यांनी राहायचं की नाही ते तिच्यावर सोपवलं. एका बाईनं विचारलं, "आणि मुलगी नाही म्हणाली, पण बाहेर कुणी हो सांगितलं, तर तो निकाह होतो का?" इतरांना मी पटकन उत्तर देते. तिला म्हटलं, पुढच्या रविवारी बघू. आणि तो रविवार मी टाळत राहिले. मग मी इतकी वर्षं त्या घरात कोण होते, भाई?

टिटवी माझ्यापेक्षा हळू बोलली. हॉलमध्ये गलका जास्त होता. तुझं वय झालंय. तरी तुला ऐकू आलं.

म्हणजे तेव्हाही आलं होतं.

माझ्या लेकीला तू वाचवलंस, त्यासाठी रोज नमाजनंतर तुझ्यासाठी दुआ मागते, मनापासून. आणि त्याच चटईवर बसून रडते, की मला का नाही? अब्बांची भीती वाटली का तुला? मलाही वाटत होती. तरी मी बोलले होते. एवढंच तर करायचं होतं, बाहेर जायचं आणि मी म्हटलं ते सांगायचं. तुला ते जमतं. मी डोळ्यांनी पाहिलंय आता, आणि पाहिलं नसतं तर बरं झालं असतं असंही कधीकधी मनात येतं. आपल्याच पोरीच्या सुखाच्या दिवशी हे मनात यावं, याची लाज वाटते.

सध्या येऊ नकोस. माफीही मागू नकोस, मी लगेच देऊन टाकीन, तशीच सवय लागलीय. गुडघा बरा झाला की ये. माझ्यासमोर बस आणि तेव्हा जे विचारलं होतंस तेच मला पुन्हा विचार. तो माणूस आता मातीत आहे, कुणाचं काही बिघडणार नाही. मला एकदा तुझ्या तोंडावर मोठ्यानं नाही म्हणायचंय. मग तू उठून बाहेर जा, आणि जो कुणी पहिला भेटेल त्याला सांग.

तुझी बहीण,
जी हो म्हणाली नव्हती