बुधरीची जागा

१९ मार्च

रंजीताचा प्रोग्राम आज पुन्हा बुधरीपाशीच मेला!

सकाळपासून पोट्टी लॅपटॉप घेऊन ओसरीत बसली हाय. चहा थंडा, भात थंडा. म्हनलं, असं काय हाय त्याच्यात, का तोंड धुवाले वेळ नाई? तं म्हनते, "आई, तुमच्यासाठीच तं करून राह्यली." जंगलात जानाऱ्या बायांच्या गळ्यात एक-एक डबी राहीन. एकीनं बटन दाबलं का बाकीच्यांच्या डबीत वाजन. वाघ-अस्वलाच्या जंगलात घसा फोडत बसायची गरज नाई.

म्हनलं, घसा आमचा, तुले काऊन भारी होते?

कंपनी नागपूरची. उन्हाळाभर घरून काम करा म्हनते. डब्या यायच्या हाय अजून. आता निस्ती आमची ओळ लॅपटॉपात उभी केली तिनं. गोल-गोल काढले. पयला गोल मीराबाई. मंग मी. मंग बुधरी. मंग सरिता. प्रोग्राम मीराबाईले विचारते, तुह्या मांग कोन? ती म्हनते नीला. मले विचारते, तुह्या मांग कोन? मी म्हनते बुधरी. बुधरीले विचाराले गेला का धाडकन बंद! काऊन का तिथी कोनी नाईच.

कशी राहीन? मागच्या साली मोहाची फुलं वेचाच्या दिवसातच जंगलात गेली, ते गेली. टोपली भेटली. एक चप्पल भेटली. फारेस्टवाले कुत्रा घेऊन आले होते. कुत्रा तिच्या झाडाखाली जाऊन बसला अन् उठेच ना. ओढत नेला त्याले.

बस. एवढंच भेटलं बुधरीचं.

२० मार्च

मोह भरपूर पडून राह्यला. टोपली भरली. कंबर गेली.

रंजीताले आज ठोक्याचं पुन्हा सगळं सांगाव लागलं. लहानपनी माह्या संग येत होती, सगळी विसरली. इथीबी लिहून ठेवते.

मोह वेचताना हर बाई आपल्या-आपल्या झाडाखाली. एकीले दुसरी दिसत नाई. म्हनून हाक. जंगलात जाताना, झाडाखाली पोचलो का, हाक पुढून मांग जाते— मीराबाई, मी, बुधरी, सरिता. घरी येताना, झाड सोडाच्या आंधी, उलटी, मांगून पुढं. एखादी बाई आली नाई तं तिची पाळी सोडायची नाई. तिच्या आंधीच्या पाळीवालीनं आपली हाक द्यायची अन् काठीनं झाडाच्या खोडावर दोन ठोके मारायचे. ठोके म्हनजे— जागा हाय, बाई नाई, आमाले मालूम हाय. अन् काईच नाई वाजलं, हाकबी नाई अन् ठोकेबी नाई, तं टोपली टाका अन् तिच्याकडं पळा!

म्हनून बुधरीचे ठोके जाताना मी मारते, येताना सरिता मारते. मी नसली तं जाताना मीराबाई मारन, येताना बुधरी.

मारत होती, म्हनजे.

रंजीता म्हने, "आई, बुधरीकाकीले ओळीतून काढून टाकू का? मंग तुह्या मांग सीधी सरिता लागन."

असा राग आला! म्हनलं, हात लावून पाह्य.

२१ मार्च

प्रोग्राम चालला. आता मरत नाई.

रंजीतानं बुधरीच्या जागी एक 'रिकामी' बसवली. तिचं नाव विचारा, रिकामं. फोन विचारा, रिकामा. घर विचारा, रिकामं. पन मांग कोन म्हनलं तं बरोबर सरिता सांगते. म्हनलं, हे तं आमचे दोन ठोकेच झाले ना वं! हासली. "आई, आमच्यातबी असंच करते सारे. काई नवं नाई." बरं बापा, नसन नवं.

गोल राखेच्या रंगाचा हाय. बाकीचे निळे. चांगला नाई दिसत.

२४ मार्च

वारलू आला होता. बुधरीचा नवरा. मी झाडत होती, झाडतच राह्यली.

"नीलाबाई, पुनवेले तिचा गोटा मांडतो."

ते आदिवासी. त्याहिच्यात मेल्या मानसाचा गोटा गावाच्या शिवेवर उभा करते. अंग नाई भेटलं तं भाताच्या तनसाचं पुतळं करून जाळते, मंग गोटा. म्हनलं, मेली हे कोनं पाह्यलं?

"कोनंच नाई पाह्यलं."

"मंग?"

"मंग किती दिवस? अन् सोमारी म्हनते मोहाले जाते." सोमारी म्हनजे त्याच्या भावाची सून. "तिले बुधरीच्या जागेवर उभी करा. झाड तं आमचंच हाय."

म्हनलं, माह्या मांग बुधरी हाय. सोमारीले सरिताच्या मांग लाव, शेपटाले.

त्यानं तंबाखू मळली, खाल्ली नाई. जाताना म्हनते, "बाई, जागा अशी उघडी ठेवनं चांगलं नोहोय. उघड्या जागेलेबी शेजार लागते."

आम्ही विहारात जानारी मानसं. भूत-प्रेत मानत नाई. त्याले तसं तोंडावर सांगतलं. तो म्हनते, "मी कुठी भूत म्हनलं?"

बुधरी माही कोन? नात्याची नाई, जातीची नाई. साखर मांगून वापस नाई करे. पन पोरी पाठीवर बांधून होतो तवापासून माह्या मांग तीच. तिची हाक दुनियेत कोनाची नाई— लंबी जाते अन् शेवटी उचकी लागल्यावानी तुटते. हासून-हासून मीराबाईच्या टोपलीतले मोह सांडत. ते जागा मी सोमारीले देऊ? काल नवरी होऊन आलेलीले?

नाई देत. गोटा मांडा, नाईतं पहाड मांडा.

२६ मार्च

रंजीतानं येतानाची उलटी ओळ चालवून पाह्यली. सरितापासून सुरू. सरिता निळी. मंग रिकामी. मंग मी—

मी राखेची! नाव नाई, फोन नाई, काईच नाई.

म्हनलं, काय वं, मले काऊन मारलं? ती म्हने, "थांब ना, चूक झाली." डोळे बारीक करून पाहत बसली. मंग समजावलं. रिकामीले काईबी विचारलं तं बंद न पडता रिकामंच द्याव, असं तिनं लिहिलं होतं. मांग कोन ते सरिता म्हनून सांगून ठेवलं होतं. पुढं कोन, ते सांगाचं राह्यलं. म्हनून रिकामीले विचारलं, तुह्या पुढं कोन, तं तिनं एक नवी रिकामी काढून देल्ली.

"म्हनजे मी हाय का नाई?"

"मीराकाकीकून गेलं तं हाय, आई. बुधरीकाकीकून आलं तं नाई."

असं सादं बोलली, जसं का भाजीत मीठ नाई.

२७ मार्च

ऊन लय. माठ फुटला.

२८ मार्च

येताना सरिताची हाक आली. तिनं बुधरीचे दोन ठोके मारले. मी हाक द्याले तोंड उघडलं, तं आंधी अजून दोन ठोके पडले. टक. टक.

सुतारपक्षी असन. नाईतं मोह पडला असन वाळल्या पानावर.

मोह असा पडत नाई. पन असन.

२९ मार्च

पुन्हा. सरिताले रस्त्यातच धरलं.

"काय वं, चार ठोके काऊन मारून राह्यली? कोनं सांगतलं?"

"मी माहे दोनच मारले, बाई!"

"मंग बाकीचे तुह्या बापानं मारले?"

"माहा बाप चंद्रपूरले हाय दवाखान्यात, त्याचं नाव नोको घेऊ!" रडाले आली पोट्टी. मीराबाई मधात पडली. मले म्हनते, "नीले, तुले बुढापा येऊन राह्यला. मले तं दोनच आयकू आले." म्हातारीचे कान हरनाचे हाय. तिले आयकू नाई आले म्हनजे?

मले आले. माह्या मांगून आले. सरिताच्या झाडाकून नाई, अलीकून. बुधरीच्या झाडाकून.

३० मार्च

आज वेचनं सोडून येतानाच्या टायमाले बुधरीच्या झाडाखाली जाऊन उभी राह्यली. पाहू म्हनलं, कोन्ता पक्षी हाय तो.

फुलं दिसाव म्हनून झाडाखालची पानं जाळते, ते औंदा कोनं जाळली नाई, तिचंच काम होतं ते. पन खाली एक मोह नाई! झाड लदलद भरलं, खाली एक फूल नाई. जसं कोनी आत्ताच वेचून गेलं.

हरन खाते. अस्वल खाते. मालूम हाय मले.

तिथी उभी होती तवा सरिताचेच दोन ठोके आले, दुसरे नाई पडले. आपल्या झाडापाशी वापस आली, तशी— टक. टक.

३१ मार्च

रंजीतानं तिची चूक सुदरवली. रिकामीले आता मालूम हाय का तिच्या पुढं मी हाय. "पाह्य आई, दोन्हीकून निळी!" खुश झाली. मीबी हासली.

चुलीपुढं बसली अन् एकदम डोक्यात उजेड पडला. भाकर जळाली तरी मी तशीच.

येताना बुधरीची पाळी माह्या आंधी. तिच्या जागेवरून दोन ठोके पडते म्हनजे ते तिचे नोहोय. आपले ठोके कोनी आपल्यासाठी मारत नाई. बुधरी पुढच्या बाईसाठी मारून राह्यली. पुढची बाई आली नाई म्हनून.

पुढची बाई मी.

तिच्या ओळीत मी नाई. सालभर झाला. सालभर ती तिकून माही जागा धरून बसली हाय, जशी मी इकून तिची.

आम्ही हे मानत नाई. लिहून ठेवते, उद्या वाचून मीच हासन.

१ एप्रिल

उद्या पुनव. उद्या गोटा. परवा सोमारी तिच्या झाडाखाली उभी राहीन. वारलूनं पंचाईले विचारून घेतलं, मले कोनं विचारलंच नाई. आज सकाळी पुन्हा भांडायले गेली तं तो तनस बांधून राह्यला होता. पुतळ्याले बुधरीचं हिरवं लुगडं. काय भांडाव?

म्हनलं, आता आजचाच दिवस हाय. तिले सांगाव लागन. एवढे दिवस हात दुखवून घेतले तिनं, कोनी 'ओ' म्हनाले नाई. माह्यासंग असं झालं असतं तं मी शिव्या घातल्या असत्या.

येताना सरिताची हाक आली. तिचे दोन ठोके. मंग बुधरीचे. मी थांबली नाई. त्या ठोक्यांकडं तोंड करून, छाती फुटस्तोवर हाक देल्ली.

हूऽऽऽ! हाय वं मी! इथीच हाय!

ठोके पुन्हा पडले नाई. झाडावरचे होले उडाले. बरं वाटलं. खरं सांगते, लय दिवसात एवढं बरं वाटलं नाई.

तं पुढून मीराबाई टोपली टाकून पळत आली! पाय खरचटला, मोह सगळे सांडले. मले पाहून धरलं अन् शिव्या— "रांडे, हाक काऊन नाई देल्ली? ना हाक, ना ठोके! मले वाटलं नेली तुले!"

म्हनलं, देल्ली ना! गाव उठन एवढ्या जोरानं देल्ली.

सरिता माह्याकडं पाहून राह्यली. तिनंबी नाई आयकली.

२ एप्रिल

गोटा मांडला. वारलू रडला नाई, पोरं रडले. सगळ्याहिले पान-सुपारी देल्ली. माह्यापाशी आला अन् थाळी घेऊन तसाच पुढं गेला. राग असन.

रंजीताले जेवायले दोनदा हाक मारली. कानात ते बोंडूक घालून बसते. आली नाई.

३ एप्रिल

सोमारी आली. नवी काठी, नवी टोपली. बुधरीच्या झाडाखाली जाऊन उभी राह्यली. मी माह्या झाडाखाली गेली.

मीराबाईची हाक आली. मंग मी देल्ली.

मंग मीराबाईनं दोन ठोके मारले. माह्या जागेचे!

म्हनलं, म्हातारी खरंच बहिरी झाली. पुन्हा देल्ली, जोरात. पुन्हा दोन ठोके.

मंग मांगून हाक आली. सोमारीची नाई. लंबी गेली, अन् शेवटी उचकी लागल्यावानी तुटली.