दारांतले स्पीकर

अगं,

गाण्याची सीडी पाठवून धाकट्याने "बाबा, आवाज कसा वाटला? खरं सांगा" असं विचारलं होतं, ते पत्र आठवतं? गाडीत ऐकला, तर आवाज अगदी चिरका. खोटं लिहवेना, खरं लिहायचा धीर होईना. दोन वर्षं उत्तर लिहून फाडत राहिलो आणि त्याने बोलणंच टाकलं.

"स्पीकर तपासा," असं तू म्हणालीस, तेव्हा सगळं यात लिहिल्याप्रमाणेच लावलंय म्हणत मी स्पीकरचं माहितीपुस्तक पुढे केलं. आज तपासले आणि हादरलोच. क्रॉसओव्हर, म्हणजे कुठल्या स्पीकरला कोणत्या आकड्याखालचे सूर द्यायचे नाहीत ते, लावताना छोट्या स्पीकरचा आकडा मीच दारांतल्या मोठ्यांना दिला होता. खालचे सूर तिथेच अडत होते. आकडा उतरवला आणि त्याचा भरदार आवाज गाडीभर घुमला.

खाली गाडीत आहे, ऐकायला ये. त्याला लिहिलेलं उत्तर तुला न दाखवताच टपालपेटीत टाकलं. दाखवत बसलो असतो, तर पुन्हा फाडलं असतं.