श्वासाचा रकाना

३ डिसेंबर

आजपासून नोकरी! निवृत्तीनंतर वर्षभर नाहूरच्या घरात नीलाच्या पायात पायात येऊन झालं. आता वर्सोव्याहून डॉल्फिन दाखवायला निघणाऱ्या बोटीवर नोंदी ठेवायच्या. प्राणी कुठे दिसला, किती वाजता, किती वेळाने श्वासाला वर आला. जन्मभर फायली लिहिल्या, त्यामुळे हात बसलेला आहे. बोटीचा तांडेल शिवदास मोजकं बोलणारा, पण सुकाणू आणि सुकटीची चटणी, दोन्ही झकास जमतं त्याला. पहिल्याच फेरीत सात डॉल्फिन! पर्यटक असे मिरवत होते, जणू यांनीच पाळलेत.

नीलाला मात्र सांगितलंय, अंधेरीला ऑफिसात काम आहे.

७ डिसेंबर

प्रत्येकाच्या पाठीवरच्या पराला वेगळी खाच असते. फोटो काढायचा, खाचेवरून ओळखायचं आणि नाव ठेवायचं. आत्याबाई, सावकार, झिपरी अशी बारशी झाली आहेत. आज एक नवा दिसला. एकटाच, बोटीला लगटून रेंगाळणारा. मी नावाच्या रकान्यात ‘अनय’ लिहिलं आणि वर हाकही मारली.

अनय आमचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी गोराईला पोहायला गेला, तो गेलाच. सापडला नाही. तेव्हापासून नीला समुद्राच्या वाटेलाही जात नाही. मला उलट त्याच्या जवळपास असावंसं वाटतं, म्हणून ही नोकरी. रोजनिशीत खोटं कशाला लिहू?

शिवदास भडकला. “काका, पाण्याने नेलेल्याचं नाव पाण्यावर घेऊ नका ना. दुसरं कायपण ठेवा.” मी बरं म्हटलं आणि वही मिटली.

१२ डिसेंबर

हाक मारली की येतो. शिवदास इंजिनाशी गुंतला की मी हळूच मारतो.

आज उत्तरा नावाच्या एका पर्यटक बाईंनी विचारलं, हा श्वास कसा घेत नाही? वही चाळली. बाकीचे सगळे मिनिटा-दोन मिनिटांनी फुस्स करून वर येतात. अनयचा श्वासाचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा आहे. पाठ वर येते, पण आवाज नाही, तुषार नाहीत. तरी उद्या जाणार आहे.

१६ डिसेंबर

बाकीचे डॉल्फिन दिसेनासे झालेत. ऐन हंगामात असं कधी झालं नव्हतं म्हणे. शिवदासने ते नाव खोडायला सांगितलं. पेन हातात घेतलं, नाही जमलं. एकदा गमावलेलं पोर स्वतःच्या हाताने कसं खोडू?

१९ डिसेंबर

नीलाला सगळं सांगून टाकलं. चिडली नाही, रडली नाही. म्हणाली, मला घेऊन चला.

२० डिसेंबर

नेलं. मी हाक मारली. तो आला. नीला कडेवरून वाकली, पाण्यात हात घातला. हसली. तीन वर्षांनी हसली. म्हणाली, अहो, माझी बोटं धरलीत त्याने –

धरलीत. हाताने धरावीत तशी –

मी पोहोचेपर्यंत –

२४ डिसेंबर

चार दिवस शोधलं. नाही सापडली. मी नेलं तिला. मीच.

२६ डिसेंबर

फेऱ्या बंद आहेत. शिवदासच्या पाया पडलो, तेव्हा एकदाच म्हणून त्याने बोट काढली. वही आणलीय, ही रोजनिशीही. सवय.

दोन पाठी. अगदी शेजारी शेजारी. दोघांचेही रकाने कोरे.

इंजिन बंद पडलं. शिवदास खटपट करतोय, सुरू होत नाही –

छत्तीस वर्षांत नीलाने माझं नाव घेतलं नाही. अहो, ऐकलंत का, एवढंच. आता बोटीखालून तिच्याच आवाजात – मधुकर – मधुकर –

ही माझी नीला नव्हे. कळतंय मला. पण आवाज तिचा आहे. किती दमलाय –

शिवदास ओरडतोय, काका, ओ देऊ नका, कान झाका –

पुन्हा. वाट बघतेय रे ती तिथे –

मी ओ